सान्तियागोच्या वाटेवरील दांपत्ये

फ्रान्सच्या ईशान्येस लोरेन प्रांतात नान्सी नावाचे शहर आहे, आणि त्या शहरातील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या जुन्या चर्चमध्ये बाराव्या शतकातील एक पाषाणशिल्प जतन करून ठेवलेले आहे. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांना घट्ट बिलगून उभी आहेत. पुरुषाच्या हाती यात्रेकरूची काठी आहे, अंगावर झोळी आहे, छातीवर क्रूस आहे. स्त्रीने त्याच्या कमरेभोवती हात टाकलेला आहे. व्होदेमोंचा सरदार पहिला ह्यूग आणि त्याची पत्नी एग्लीन यांची ही जोडमूर्ती असावी असे परंपरा सांगते, आणि हा ह्यूग ११४७ साली निघालेल्या दुसऱ्या धर्मयुद्धात पूर्वेकडे गेला होता. हा प्रसंग निरोपाचा की पुनर्भेटीचा, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु दोहोंपैकी कोणताही मानला तरी तो घरच्या उंबरठ्यावरचा आहे, वाटेवरचा नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मध्ययुगीन युरोपच्या चित्रांत आणि शिल्पांत रुंद काठाची टोपी, शिंपला, काठी आणि झोळी धारण केलेला जो यात्रेकरू पुनःपुन्हा आढळतो, तो बहुतेक वेळा एकटा असतो किंवा आपल्यासारख्याच परक्या सोबत्यांच्या मेळ्यात असतो. पत्नीसह चालणारा यात्रेकरू शोधावयाचा तर दगड सोडून कागदपत्रांकडेच वळावे लागते.

आणि कागदपत्रांकडे वळल्यावर असे ध्यानात येते की, जी दांपत्ये सुखरूप गेली आणि सुखरूप परतली त्यांच्याविषयी दफ्तरे बहुधा मूक आहेत. कायद्याने ज्यांची वाट अडवली, धर्मशाळेने ज्यांना रात्रीपुरते वेगळे केले, रोगाने किंवा दरोडेखोरांनी ज्यांची ताटातूट केली, तीच जोडपी इतिहासात उतरली. तेव्हा पतिपत्नींच्या सहयात्रेचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या वियोगांतूनच वेचून घ्यावा लागतो, आणि असा वेचून घेतलेला इतिहासही विवाहसंस्थेविषयी बरेच काही सांगून जातो.

आरंभीच्या काळात अशा दांपत्यांची वाट स्पेनमधील सान्तियागोची नसून रोमची होती. इंग्लंडातील वेसेक्सचा राजा इने याने ७२६ साली राज्यत्याग करून रोमची वाट धरली. त्याची राणी एथेल्बर्ग हिच्याविषयी माम्सबरीच्या विल्यम नावाच्या बाराव्या शतकातील इतिहासकाराने एक कथा नमूद करून ठेवली आहे. राजाराणींनी एका ग्रामीण प्रासादात थाटाची मेजवानी केली आणि दुसऱ्या दिवशी तेथून मुक्काम हलवला. त्यांची पाठ वळताच राणीच्या गुप्त आज्ञेवरून कारभाऱ्याने त्या वाड्यात गुरांचे शेण आणि केरकचरा पसरवला आणि ज्या शय्येवर ते दोघे आदल्या रात्री निजले होते तीवर एक व्यालेली डुकरीण तिच्या पिलांसह आणून निजवली. मग राणीने काही निमित्ताने पतीला माघारी वळवले, तो देखावा दाखवला, आणि कालचे वैभव आज कोठे गेले असा प्रश्न त्याला केला. राजा विरक्त झाला, दोघे रोमला गेली आणि सामान्य माणसांच्या वेषात तेथेच राहिली, असा या कथेचा शेवट आहे. घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहिलेल्या या वृत्तांताचा अक्षरशः स्वीकार करता येत नाही. तरीही यात्रेची प्रेरणा पत्नीची आणि निर्णय दोघांचा, ही कल्पना विल्यमसारख्या विद्वान भिक्षूला अस्वाभाविक वाटली नाही, एवढे तीवरून निश्चित दिसते.

मर्सियाचा राजा बर्ग्रेड आणि त्याची राणी एथेल्स्विथ यांची हकीकत मात्र कल्पित नाही, आणि ती अधिक करुण आहे. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग टोळ्यांनी ८७४ साली बर्ग्रेडला राज्यावरून हुसकावून लावले. तो रोमला गेला, तेथेच मरण पावला आणि इंग्रज लोकांच्या वसाहतीतील चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. एथेल्स्विथही पुढे त्याच वाटेने निघाली. परंतु ८८८ साली वाटेतच तिचा अंत झाला आणि उत्तर इटलीतील पाव्हिया येथे तिचा देह भूमीत ठेवण्यात आला. एकाच ध्येयाकडे निघालेल्या पतिपत्नींच्या कबरींमध्ये अपेनाइन पर्वताची रांग आली.

स्त्रियांनी या वाटेला लागावे काय, याविषयी धर्माधिकाऱ्यांना प्रथमपासूनच शंका होती. जर्मनीत धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेसने ७४७ च्या सुमारास कॅन्टरबरीच्या आर्चबिशपला पत्र लिहून इंग्रज स्त्रियांच्या रोमयात्रेस बंदी घालावी अशी विनंती केली. लोंबार्डीत आणि फ्रँकांच्या मुलुखात अशी नगरे थोडी आहेत की जेथे एखादी इंग्रज स्त्री पतित जीवन कंठीत नाही, असे कारण त्याने दिले होते. या पत्रातील कळकळ खरी असेल. पण घरून निघालेल्या त्या स्त्रियांना वाटेत कोणी लुबाडले, कोणी टाकून दिले आणि परतीच्या खर्चाची सोय कोणी केली नाही, याचा विचार त्यात आढळत नाही, आणि हे पत्र वाचताना तोच विचार मनाला सर्वाधिक बोचतो. धनवान दांपत्यांनाही वाट निर्धोक नव्हती. नॉर्थंब्रियाचा अर्ल टॉस्टिग १०६१ साली पत्नी ज्यूडिथसह रोमला गेला. परतताना त्याने पत्नीला संरक्षक देऊन पुढे धाडले आणि आपण मागे राहिला, तोच दरोडेखोरांनी त्याच्या मेळ्यावर झडप घातली. गॉस्पॅट्रिक नावाच्या तरुण सोबत्याने आपणच अर्ल आहोत असे सांगून दरोडेखोरांचे लक्ष स्वतःकडे वळवले, आणि टॉस्टिग लुबाडला जाऊन का होईना, पण जिवंत रोमला परत पोहोचला. ज्यूडिथ त्या वेळी पुढे गेली होती म्हणूनच वाचली. म्हणजे याही कथेत पतिपत्नींचे कल्याण त्यांच्या वेगळे होण्यातूनच साधले.

बाराव्या शतकाच्या सुमारास गालिसियातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील प्रेषित याकोबाची समाधी सर्व युरोपचे आकर्षण झाली, आणि त्याच काळात चर्चच्या कायदेपंडितांनी विवाहित माणसाच्या नवसाचा प्रश्न बारकाईने हाताळावयास घेतला. प्रश्नाचे मूळ संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात होते: पतीच्या देहावर पत्नीचा आणि पत्नीच्या देहावर पतीचा हक्क आहे, आणि प्रार्थनेसाठीसुद्धा त्यांनी परस्परांच्या संमतीनेच काही काळ दूर राहावे, अशी त्यातील शिकवण. आता पतीने कोम्पोस्तेलाचा नवस केला तर महिनोन्‌महिने, क्वचित वर्षभर, तो पत्नीपासून दूर राहणार. मग पत्नीच्या हक्काचे काय? पोप दुसरा अर्बन याने १०९६ साली बोलोन्याच्या लोकांना धाडलेल्या पत्रात तरुण विवाहित पुरुषांनी आपल्या पत्नींच्या संमतीवाचून जेरुसलेमच्या दीर्घ प्रवासास निघू नये असे स्पष्ट बजावले होते. सुमारे ११४० साली बोलोन्यातच ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचा जो संग्रह सिद्ध केला त्यात पारडे पतीकडे झुकते: पत्नीचा नवस रद्द करण्याची मुभा पतीला होती, पत्नीला मात्र तसा समान अधिकार नव्हता. पुढे १२०१ साली पोप तिसऱ्या इनोसंटने धर्मयुद्धास निघणाऱ्या पुरुषापुरती पत्नीच्या संमतीची ही अटसुद्धा काढून टाकली. पवित्र भूमीच्या रक्षणापुढे पत्नीचा हक्क गौण ठरवणाऱ्या या निर्णयामुळे किती घरे वर्षानुवर्षे अर्धी राहिली असतील याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही. कोम्पोस्तेलाच्या साध्या यात्रेला मात्र ही सवलत लागू नव्हती. तेथे संमतीचा नियम कायम राहिला. या पेचातून सुटण्याचा एक सरळ मार्ग होता, तो म्हणजे दोघांनी मिळून जाणे, आणि कित्येक सामान्य जोडप्यांनी तोच पत्करला असला पाहिजे.

अशाच एका सामान्य जोडप्याची कथा कोदेक्स कालिक्स्तिनुस या बाराव्या शतकाच्या मध्यातील हस्तलिखितात याकोबाच्या चमत्कारांमध्ये समाविष्ट झाली आहे. हा ग्रंथ कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्येच आहे. त्याच्या पाचव्या भागात फ्रान्समधून निघणाऱ्या चार वाटांचे, नद्यांच्या पाण्याचे आणि लोकस्वभावाचे जे वर्णन आहे त्यामुळे तो विशेष प्रसिद्ध झाला. पण माझे मन त्याच्या दुसऱ्या भागातील या कथेत अधिक गुंतते. इ.स. ११०० मध्ये प्वातू प्रांतात महामारीने घरेच्या घरे बसवली, तेव्हा तेथील एक मनुष्य आपली पत्नी आणि दोन लहान मुले यांना घोडीवर बसवून रोगापासून जीव वाचवण्यासाठी आणि याकोबाचे दर्शन घेण्यासाठी निघाला. पिरेनीज ओलांडून ते पाम्प्लोनास आले आणि तेथे पत्नीचा अंत झाला. ज्या खाणावळीत ते उतरले होते तिच्या मालकाने मुक्कामाच्या भाड्यापोटी त्या मनुष्याजवळचा सगळा पैसा आणि ती घोडीही ठेवून घेतली. पत्नीला परक्या मातीत पुरून, मुलांना हाताशी धरून तो पुढे निघाला, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका भल्या पुरुषाने आपले गाढव त्याला उसने दिले. कोम्पोस्तेलास पोहोचल्यावर रात्री प्रार्थनेत असताना स्वतः याकोबाने दर्शन देऊन ते गाढव आपलेच होते असे सांगितले, आणि तो खाणावळवाला घरावरून पडून मरणार हेही सांगितले. परतीच्या वाटेवर पाम्प्लोनात तसेच घडलेले आढळले. घरी पोहोचून मुलांना खाली उतरवताच गाढव अदृश्य झाले.

या कथेतील चमत्काराचा भाग सोडून दिला तरी बाकीचे सगळे खरे वाटते. त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागातील एका प्रदीर्घ प्रवचनात खाणावळवाल्यांच्या लबाड्यांची झाडाझडती घेतलेली आहे, आणि यात्रेकरूचा मृत्यू झाल्यास त्याची चीजवस्तू गिळंकृत करण्याची प्रवृत्ती त्या काळी कोणास नवी नव्हती. संत त्या मनुष्याला त्याची पत्नी परत देत नाही, ही गोष्ट मात्र विशेष ध्यानात धरण्याजोगी आहे. याच ग्रंथात याकोब बुडालेल्यांना किनाऱ्यास लावतो आणि फासावर लटकलेल्या निरपराध तरुणाला जिवंत ठेवतो. परंतु पाम्प्लोनास गमावलेल्या पत्नीच्या बदल्यात तो या मनुष्याला मुलांना वाहून नेण्यापुरते वाहन देतो. कथाकाराला विधुराचे दुःख कळत होते, पण ते भरून निघण्याजोगे आहे असे त्याने भासवले नाही.

त्या फासावरच्या तरुणाची कथाही पुढे पतिपत्नींची झाली. कोदेक्समध्ये ती तुलूज येथे घडते आणि त्यात यात्रेकरू बापलेक आहेत. नंतरच्या शतकांत ती स्पेनमधील सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा या गावी आली आणि तिच्यात आईचाही प्रवेश झाला. खोट्या आळामुळे मुलाला फाशी दिल्यावर मायबाप तसेच पुढे कोम्पोस्तेलास जातात, परतताना मुलगा फासावर जिवंत आढळतो, आणि न्यायाधीशाच्या ताटातील भाजलेला कोंबडा व कोंबडी उठून आरवू लागतात. त्या गावच्या कॅथेड्रलमध्ये आजही जिवंत कोंबडा-कोंबडीची जोडी पाळलेली असते. कथा लोकांच्या तोंडी फिरता फिरता तिच्यात आईची भर पडली, याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाटेने जाणारी जोडपी होती असा मी घेतो.

वाटेवरच्या धर्मशाळांनी या जोडप्यांची व्यवस्था कशी लावली होती? पिरेनीजच्या खिंडीखाली रोंसेस्वालेस येथे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाम्प्लोनाच्या बिशपने आतिथ्यगृह स्थापन केले. त्याच्या स्तुतिपर एका लॅटिन काव्यात तेथील सेवेचा जो तपशील आला आहे तो वाचून आजही मन आदराने भरून येते. कोणत्याही धर्माच्या व पंथाच्या वाटसरूला तेथे दार उघडे होते. त्याचे पाय धुतले जात, दाढी केली जाई, केस कापले जात, फाटक्या जोड्यांना नवे तळवे लावून मिळत. आजाऱ्यांसाठी तेथे दोन घरे होती, एक पुरुषांचे आणि एक स्त्रियांचे. पंढरीच्या वाटेवर नवराबायको एकाच दिंडीत चालताना आणि एकाच तंबूच्या सावलीला टेकताना पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही व्यवस्था कठोर वाटेल. पण तिच्यामागे तर्क होता: यात्रा हे तप होते, तपाला ब्रह्मचर्य अभिप्रेत होते, आणि धर्मशाळेच्या दृष्टीने दारात उभे असलेले दोघे पतिपत्नी नसून आपापल्या आत्म्याचा भार वाहणारे दोन स्वतंत्र यात्रेकरू होते. खिंडीतल्या हिमवर्षावात ज्वर चढलेल्या पतीला त्या दोन घरांपैकी एकात ठेवून पत्नी दुसऱ्या घरात रात्र काढी, तेव्हा तिला या तर्काने कितपत धीर दिला असेल हे काव्यात लिहिलेले नाही. कोम्पोस्तेला नगरातील सर्वांत भव्य धर्मशाळा मात्र एका दांपत्याचेच दान आहे. फर्डिनंड आणि इझाबेला हे राजदांपत्य १४८६ साली तेथे दर्शनास आले आणि यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी पुढे १४९९ साली तिची उभारणी करण्याचा हुकूम दिला. कॅथेड्रलच्या चौकात ती वास्तू अद्याप उभी आहे.

सहयात्रेचे संपूर्ण आणि विश्वसनीय वृत्त ज्यांच्याविषयी उपलब्ध आहे अशा जोडप्यांत स्वीडनची बिर्गित्ता आणि तिचा पती उल्फ गुद्मार्सन यांना मी अग्रस्थान देईन. १३०३ साली जन्मलेल्या बिर्गित्तेचा विवाह कोवळ्या वयात उल्फशी झाला. त्यांना आठ अपत्ये झाली, उल्फ आपल्या प्रांताचा न्यायाधिकारी होता, घर मोठे आणि कारभार मोठा. १३३९ च्या सुमारास दोघांनी नॉर्वेतील निदारोस येथे संत ओलाफच्या समाधीची यात्रा केली, आणि १३४१ साली ती दोघे कोम्पोस्तेलास निघाली. बाल्टिकच्या काठापासून अटलांटिकच्या काठापर्यंतचा हा मार्ग युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास जातो, आणि चाळिशीकडे झुकलेल्या त्या स्त्रीने तो पतीबरोबर केला. समाधीचे दर्शन झाले. परंतु परतताना उत्तर फ्रान्समधील आरास येथे उल्फ गंभीर आजारी पडला. त्या परक्या नगरात त्याच्या उशाशी बसलेल्या बिर्गित्तेला संत डेनिसचे दर्शन झाले आणि या आजारात तुझा पती मरणार नाही असे त्याने तिला आश्वासन दिले, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. उल्फ बरा झाला. दोघांनी उर्वरित आयुष्य धर्मकार्यास वाहण्याचा परस्परसंमतीने निश्चय केला, ती मायदेशी परतली, आणि १३४४ साली अल्वास्त्रा येथील सिस्टर्शियन मठात उल्फ मरण पावला.

त्यानंतरचा एक प्रसंग बिर्गित्तेच्या संतपदाच्या चौकशीच्या कागदपत्रांत आला आहे. मरणापूर्वी उल्फने तिच्या बोटात एक अंगठी घातली होती. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत तिने ती काढून टाकली. लोकांनी बोल लावला, तेव्हा तिने सांगितले की, पतीला पुरले त्या वेळी त्याच्याबरोबर आपण सगळे ऐहिक प्रेम पुरून टाकले; ही अंगठी बोटात राहिली तर मन पुन्हा त्या सुखाकडे ओढ घेईल. हे उत्तर निर्विकार स्त्रीचे नाही. पुढे तिने रोममध्ये वीसहून अधिक वर्षे घालवली, सत्तरीच्या उंबरठ्यावर जेरुसलेमची यात्रा केली, १३७३ मध्ये तिचे देहावसान झाले आणि १३९१ मध्ये तिला संतपद मिळाले. चर्चच्या इतिहासात ती द्रष्टी आणि मठसंस्थापिका म्हणून गाजली. परंतु तिच्या पुढील सगळ्या यात्रांचा पाया कोम्पोस्तेलाच्या वाटेवर, पतीच्या सोबतीने घातला गेला, हे चरित्रकारांनी द्यावे तितके महत्त्व देऊन सांगितलेले नाही असे माझे मत आहे.

बिर्गित्तेच्या मृत्यूच्याच सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिन या बंदरी शहरात मार्जरी केम्प जन्मास आली. ती नगरप्रमुखाची मुलगी, एका व्यापाऱ्याची पत्नी आणि चौदा मुलांची आई. बिर्गित्तेचे उदाहरण तिच्या मनापुढे सदैव असे. आपले आत्मवृत्त तिने दुसऱ्याकडून लिहवून घेतले, आणि त्याची एकमेव ज्ञात प्रत १९३४ मध्ये एका इंग्रज घराण्याच्या संग्रहात सापडेपर्यंत जगाला त्यातील थोड्या वेच्यांपलीकडे काही ठाऊक नव्हते. त्या ग्रंथातील एक प्रसंग यात्रेच्या आणि विवाहाच्या इतिहासात अद्वितीय आहे. १४१३ च्या जून महिन्यात, संत योहानाच्या सणाच्या आदल्या शुक्रवारी, कडक उन्हात मार्जरी आणि तिचा पती जॉन यॉर्कहून ब्रिडलिंग्टनच्या दिशेने चालत होती. तिच्या हाती बिअरची बाटली, त्याच्या अंगरख्यात एक केक. वाटेत त्याने तिला विचारले की, कोणी तलवार उपसून आला आणि मी तुझ्याशी पूर्वीसारखा संबंध ठेवला नाही तर तो माझे शिर उडवणार असला, तर तू काय करशील? तुम्ही मेलेले पाहणे मला पत्करेल, असे तिने सांगितले, आणि तू चांगली बायको नाहीस असे तो म्हणाला. मग वाटेकाठच्या एका क्रूसाखाली बसून दोघांनी तह केला. तिने त्याचे कर्ज फेडावे आणि शुक्रवारी उपास न करता पूर्वीसारखे त्याच्याबरोबर जेवावे. त्याने तिच्या शय्येवरचा हक्क सोडावा आणि तिला जेरुसलेमास जाऊ द्यावे. करार झाल्यावर दोघांनी तेथेच प्रार्थना केली आणि मग आनंदाने ते खाणेपिणे केले.

ज्या कायद्याला संमती हवी होती त्याची पूर्तता अशी रस्त्याच्या कडेला, घासाघीस करून आणि अखेरीस प्रेमाने झाली. मार्जरी जेरुसलेमला गेली, रोमला गेली, १४१७ साली ब्रिस्टलहून जहाजाने कोम्पोस्तेलास गेली. जॉन यांपैकी कोठेही तिच्याबरोबर नव्हता. त्याची उणीव तिला वाटेत पदोपदी भासली असली पाहिजे, कारण सोबतच्या मेळ्याने तिच्या रडण्याला कंटाळून तिला टाकून दिले, तेव्हा व्हेनिसहून रोमपर्यंत तिला नेण्यास रिचर्ड नावाचा एक पाठीत बाक असलेला गरीब आयरिश माणूस तिने गयावया करून मिळवला. जॉनने परमुलखातल्या यात्रा केल्या नाहीत. पण तिच्या परतीनंतर, साठी उलटल्यावर, तो जिन्यावरून पडून डोक्याला जखमा होऊन जायबंदी झाला. बायको जवळ नसल्यानेच हे घडले असे शेजारी उघड बोलू लागले, आणि मार्जरीने त्याला आपल्या घरी आणून तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. तो बालकासारखा झाला होता. त्याचे कपडे धुणे, शेकोटीला लाकडे पुरवणे यात तिचा वेळ आणि पैसा गेला, आणि तारुण्यातील ज्या देहसुखाचा आपण अतिरेक केला त्याचे हे प्रायश्चित्त आहे असे मानून ती ते करीत राहिली. जेरुसलेमची वाट तिने त्याच्यावाचून केली; हा शेवटचा आणि तितकाच लांबचा प्रवास मात्र दोघांनी एका छताखाली केला.

सोळाव्या शतकात विवाह हाच यात्रेविरुद्धचा युक्तिवाद झाला. एखादा मनुष्य रोमला जाऊन पन्नास-शंभर नाणी उधळतो आणि घरी बायकोमुले हालअपेष्टांत राहतात, या गोष्टीला धर्माने आज्ञा दिलेली नाही, असे मार्टिन लूथरने १५२० मध्ये जर्मन सरदारांस उद्देशून लिहिलेल्या पत्रकात प्रतिपादले. लूथरशी न पटणाऱ्या इरॅस्मसनेही १५२६ च्या यात्राविषयक संवादात एका गृहस्थाला कोम्पोस्तेलास धाडले ते सासूच्या नवसापायी: मुलीला जिवंत मुलगा झाला तर जावई याकोबाच्या पाया पडेल, असा नवस तिने परस्पर केला होता. त्या संवादातील दुसरा गृहस्थ घरीच राहून आपल्या मुलीच्या शीलाची आणि नोकरचाकरांच्या वर्तणुकीची काळजी वाहण्यातच आपली यात्रा मानतो. घर हीच तपोभूमी ही कल्पना प्रॉटेस्टंट उत्तरेत रुजली आणि वाटा ओस पडू लागल्या. राज्यकर्त्यांनी आपल्या बाजूने दारे बंद केली. स्पेनचा दुसरा फिलिप याने १५९० साली देशी लोकांना यात्रेकरूचा वेष धारण करण्याची मनाई केली आणि परवान्याची सक्ती केली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७१ आणि १६८६ च्या फर्मानांनी देशाबाहेरच्या यात्रेसाठी बिशपचा आणि राजाचा लेखी दाखला आवश्यक ठरवला, आणि विनापरवाना जाणाऱ्या पुरुषांना राजाच्या जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा ठेवली. दुसऱ्या फर्मानात दिलेले कारण या विषयात मोलाचे आहे: कित्येक पुरुष यात्रेचे निमित्त करून बायकामुलांना निराधार टाकून जातात, आणि काही तर परमुलखात दुसरा विवाह करतात. बोलोन्याच्या पत्रानंतर सहाशे वर्षांनी पत्नीच्या हक्काचा पुकारा पुन्हा झाला, या वेळी चर्चऐवजी सरकारने केला.

खुद्द याकोबाची समाधीही दृष्टीआड झाली. १५८९ साली इंग्रज ड्रेकच्या आरमाराने ला कोरुन्यावर हल्ला केल्यावर आर्चबिशपने अस्थी लपवल्या; त्या पुन्हा सापडल्या १८७९ मध्ये, आणि पोप तेरावा लिओ याने १८८४ मध्ये त्यांच्या खरेपणास मान्यता दिली. तरी वाट पायांनी जागी व्हायला आणखी शंभर वर्षे लागली. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ च्या सुमारास रस्तेबांधणीच्या कामातून उरलेला पिवळा रंग मिळवून पिरेनीजपासून कोम्पोस्तेलापर्यंत बाण रंगवले. युरोप परिषदेने १९८७ मध्ये या वाटेला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला, १९९३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली, आणि १९९४ मध्ये कॅन्टरबरीहून रोमला जाणाऱ्या जुन्या वाटेलाही तसाच मान मिळाला. आता वर्षाला चार लाखांहून अधिक यात्रेकरू कोम्पोस्तेलास पोहोचतात, आणि त्यांत स्त्रियांची संख्या अलीकडे पुरुषांहून थोडी अधिकच असते.

या नव्या गर्दीत जोडप्यांचा जो वर्ग आहे तो जुन्या इतिहासात आढळत नाही. मुले मार्गी लागल्यावर, नोकरीतून मोकळे झाल्यावर, पंधरा-वीस वर्षांच्या संसारात एकमेकांशी बोलायचे राहून गेले म्हणून किंवा एखाद्या आजारातून उठल्यावर, पती आणि पत्नी केवळ बरोबर चालण्यासाठी सुमारे आठशे किलोमीटरांची वाट धरतात. प्वातूच्या त्या मनुष्याला किंवा उल्फला हा हेतू कळला नसता. त्यांच्या दृष्टीने सोबत हे साधन होते आणि समाधी हे साध्य. मला यात अधःपात दिसत नाही. दोन माणसांची चाल सारखी नसते, एक चढणीवर थांबतो तेव्हा दुसऱ्याला थांबावे लागते, एकाच्या टाचेला फोड आला तर दोघांची मजल तुटते. अशा चालण्यातून होणारी परीक्षा नवसाच्या परीक्षेहून कमी दर्जाची का मानावी? ज्या संमतीसाठी कायदेपंडितांनी पाने लिहिली आणि मार्जरी-जॉनने क्रूसाखाली तह केला, ती संमती ही जोडपी रोज सकाळी जोडे बांधताना नव्याने देतात.

धर्मशाळांची दृष्टी मात्र फारशी बदललेली नाही. आज आल्बेर्गे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निवासांत स्त्रीपुरुषांची वेगळी घरे राहिलेली नाहीत. एकाच मोठ्या दालनात एकावर एक पलंगांच्या रांगा असतात, आणि नवराबायको वरच्या-खालच्या पलंगांवर पडतात. पण प्रत्येकाचे यात्रापत्र अजूनही स्वतंत्र, त्यावर मुक्कामागणिक पडणारे शिक्के स्वतंत्र, आणि पायी चालणाऱ्याने किमान शंभर किलोमीटर केल्यावर कोम्पोस्तेलाच्या कार्यालयातून मिळणारे लॅटिन प्रमाणपत्रही ज्याच्या त्याच्या नावाने. दोघांच्या नावाचे एकत्र प्रमाणपत्र देण्याची वहिवाट नाही. एक तरतूद तेवढी आहे. ज्याला यायचे होते पण आजाराने येता आले नाही, किंवा जो मरण पावला, त्याच्या वतीने आपण चाललो असे यात्रेकरूने सांगितले तर कारकून प्रमाणपत्रावर त्या अनुपस्थित व्यक्तीचे नावही लिहून देतो, आणि एकटीने किंवा एकट्याने वाट पुरी केलेल्या विधवा-विधुरांना या तरतुदीने त्या एका कागदावर आपल्या जोडीदाराचे नाव आपल्या नावाशेजारी लिहवून घेता येते.